सशाले ढेप चारली

मंडळी, हे पत्र गावच्या सलूनात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. आज दुपारचं डोक्यातून जाऊनच नाही राहिलं.

पुण्यात मी ज्या बंगल्यावर कामाले आहो, तिथं बाईंनी ससा पाळला आहे. त्याले चारायचं काम माझ्याकडं. चार दिवस झाले, तो घास तोंडापाशी न्यायचा अन् सोडून द्यायचा. आज बाई अन् मी त्याले टांग्यातून जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं त्याचा ओठ वर केला. समोरचे दात वाढून पार वाकडे झाले होते.

"काय चारतोस रे याला?"

"भिजवलेली ढेप, साहेब, सरकीची पेंड. आमच्याकडं बैलाले तेच देतात."

"मग याला काय नांगराला जुंपायचंय? अरे, सशाचे दात जन्मभर वाढतात. कोरडं गवत चावूनच ते झिजतात."

गवत मी मुद्दामच देत नव्हतो. आपल्या घरी ढेप फक्त कामाच्या बैलाले मिळते. मले वाटलं, मी त्याचे लाड करून राहिलो.

डॉक्टरनं दात कापून दिले. "संध्याकाळपर्यंत खाल्लं तर वाचेल," म्हणाले. येताना बाईंनी टांगा थांबवून कोरड्या गवताची जुडी घेतली अन् माझ्या हाती दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी पिंजऱ्यापाशी गवत धरून बसलो आहो. हात भरून आला. आत्ताच त्यानं एक काडी घेतली, पाडली, पुन्हा घेतली.

मंडळी, लाडानं कोणाले असं उपाशी ठेवलं का हो तुमच्यापैकी कोणी?