दत्तारामला राखीव गडी हवा का?

फायनलमध्ये दत्ताराम डाव्या पायाने लंगडत बाहेर आला, असं मी सांगतो. बायको म्हणते, उजव्या. एवढ्यावरून आमच्याकडे कित्येकदा चहा गार झालाय. आता माझं वय असं आहे की भांडणात आवाज माझा मोठा असतो आणि खात्री तिची. ओमानमधल्या रुसैलच्या फॅक्टरीचे किस्से म्हणजे कामगारांच्या कँपच्या दारातले सेफ्टी शूज. ढीग वाढत जातो आणि कुठला जोड कुणाचा ते कळेनासं होतं. तेव्हा आठवतं तसं सांगतो.

*

दोन हजार बाराच्या आसपास आमच्या केबलच्या फॅक्टरीत नवी मशिनरी बसवायला डेल नावाचा अमेरिकन इंजिनियर आला. शुक्रवारची सुट्टी त्याला सोसेना. ऊन चढायच्या आत, कँपमागच्या मैदानात त्याने त्याच्या देशाचा फुटबॉल सुरू केला. चेंडू पायाने मारायचा नाही, हातात धरून समोरच्या रेघेपलीकडे पळायचं! पाडापाडी नको म्हणून प्रत्येकाच्या कमरेला फीत. कुणी ती ओढली की खलास, तिथेच थांबायचं.

नियमांचं पुस्तक डेलने मला दिलं, कारण मी लॅबचा प्रमुख, केमिस्ट्रीत पीएच.डी. मी ते दोनदा वाचलं. परचेसचे सामंत, शिक्षण बी.कॉम., यांनी ते उघडलंसुद्धा नाही. ते आले गार ताकाची, म्हणजे तिथल्या लबानची, दोन खोकी घेऊन.

दुपारपर्यंत सामंत टीमचे मॅनेजर झाले. मला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि खोकल्याच्या गोळ्या मागायचे!

*

चेंडू घेऊन पळणारा मुख्य गडी म्हणजे डेलच्या भाषेत रनिंग बॅक. ती जागा मिळाली दत्तारामला. हा गुहागरकडचा, फोर्कलिफ्ट चालवायचा. गावच्या कबड्डी संघात चढाईला जायचा.

पहिल्याच मॅचला त्याने चेंडू काखेत मारला, तिघांना हुलकावणी दिली आणि समोरची रेघ हाताशी आलेली असताना गर्रकन वळून, त्याच वेगाने, आपल्याच बाजूला परत आला! ओठ अजून हलत होते, "कबड्डी, कबड्डी..."

डेलने टोपी जमिनीवर आपटली. मी धावलो. "अरे, परत का आलास?"

दत्ताराम धापा टाकत म्हणाला, "परत नको येऊ? तिघांना शिवलंय सायेब! तिकडंच ऱ्हायलो तर बाद नाय का होणार?"

*

पुढे त्याला समजलं आणि मग त्याला कुणी थांबवू शकेना. मला मात्र काळजी लागली. उत्तरार्धात तो दमतो, हे मी आलेख काढून दाखवलं. एकाच माणसावर टीम उभी, उद्या त्याचा पाय मुरगळला तर? राखीव गडी हवा. डिस्पॅचमधला वसईचा ग्लेन पळायला चांगला होता.

मीटिंगला सगळे होते, चहाचा थर्मास घेऊन आमची बायकोही. सामंतांनी आलेख उलटा धरला, सुलटा केला आणि म्हणाले, "डॉक्टर, एक आजारी पडेल म्हणून तुम्ही घरी दोन बायका ठेवल्यात का?"

सगळे हसले. त्याचं काही नाही. पण बायकोही हसली!

घरी मी विचारलं, "एवढं हसण्यासारखं काय होतं?"

"काही नाही हो," ती म्हणाली, "त्यांचं लगेच समजतं, एवढंच."

*

डेलने माझं अर्धं ऐकलं. ग्लेनला राखीव नेमलं, पण त्याला आत घ्यायचं केव्हा, ते मॅचमध्ये बघू म्हणाला.

पळणाऱ्या गड्याची फीत लाल असायची, बाकीच्यांच्या पिवळ्या. लाल एकच होती. ग्लेनचं नाव लागल्यापासून दत्ताराम ती सोडेचना. कंपनीच्या बसमध्ये, मेसमध्ये, फोर्कलिफ्टवर, कमरेला लाल फीत!

ग्लेन माझ्याकडे आला. "डॉक्टर, आय अ‍ॅम रेडी. पण तो फीत धुवायलासुद्धा काढत नाही!"

*

त्याच सुमारास कंपनीने लॅबमध्ये पुण्याची एक तरुण केमिस्ट आणली. "डॉक्टर, तुमच्यावर सगळा लोड नको," असं मॅनेजमेंटचं म्हणणं. बाई हुशार होती, फारच. मी रसायनांच्या कपाटाची किल्ली गळ्यात अडकवू लागलो. सुरक्षेसाठी!

शुक्रवारी जेवायला बसलो. बायकोने आमटी वाढता वाढता माझ्या गळ्याकडे बघितलं.

"तुमची फीत आमटीत बुडतेय," ती म्हणाली.

*

फायनल जवळच्या सीब शहरातल्या टीमशी होती. बँकेतली, सॉफ्टवेअरमधली पोरं, बूटसुद्धा नवे. गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली, दत्तारामची जीभ बाहेर. माझा आलेख खरा ठरत होता!

डेल माझ्याकडे वळला. "डॉक्टर, बदलायचा का? तू सांगशील तसं."

आयुष्यात मला कुणीतरी असं विचारावं, म्हणून मी किती वर्षं थांबलो होतो! तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "तसा डेटा थोडा कमी आहे..."

पलीकडे सामंत वाकून पोटरी चोळत उभे होते. मनात आलं, पळतोय दत्ताराम आणि गोळा यांच्या पायात! प्रत्येक गोष्टीत यांना वाटा हवा.

एवढ्यात दत्तारामच लंगडत बाहेर आला. स्वतःच्या हाताने लाल फीत सोडून त्याने ग्लेनच्या कमरेला बांधली. "यल्ला, पळ!"

ग्लेन ताजा होता. सरळ पळत गेला आणि रेघेपलीकडे! आम्ही जिंकलो.

सामंत ओरडले, "डॉक्टरांचा राखीव गडी!" पोरांनी मला उचललं. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. कडेला सामंत टाळ्या वाजवताहेत. त्या दिवशी त्यांना माझा हेवा वाटला असणार, या कल्पनेवर मी बरीच वर्षं काढली.

*

भारतात परतल्यावर एकदा गुहागरला गेलो. दत्तारामने बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकलंय. बायको बरोबर होती, म्हणून म्हटलं, डाव्या-उजव्याचा निकाल लावून घेऊ.

"दत्ताराम, फायनलमध्ये गोळा कुठल्या पायात आला होता?"

"गोळा?" तो हसायला लागला. "गोळा कसला सायेब! सामंतसायबांनी पोटरी चोळून खूण केली, म्हणून लंगडलो."

बायकोने पुढे होऊन विचारलं, "पण कुठल्या पायाने?"

"निघालो तवा डाव्या, वैनी. मग बघितलं, सायेब उजवी चोळतायत. तसा पाय बदलला!"