डाव्या डोळ्याखालचा भोवरा

आमच्या घरी वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो चौकटीत लावलेला आहे. फोटोत एक तांबडा घोडा आहे, घामानं चकाकणारा, गळ्यात फुलांचा हार. शेजारी हसणारे मालक, मालकीणबाई, रंगीत सदऱ्यातला जॉकी. आणि अगदी डाव्या कडेला लगाम धरलेला एक हात, मनगटावर जाड पट्ट्याचं घड्याळ. तो हात माझ्या बाबांचा. बाकीचे बाबा फोटोत आले नाहीत.

लातूरला कॉलेजात असताना मी तो फोटो हॉस्टेलच्या कपाटात आतून चिकटवला होता. मैत्रीण विचारायची, "यात दाखवायचंय काय, हात की घोडा?"

"दोन्ही," मी म्हणायची. खरंच दोन्ही. बाबा पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते, म्हणजे घोड्याचा खरारा, चारा, आंघोळ, फिरवणं सगळं त्यांच्याकडे. घोडा जिंकला की मोतद्दाराला बक्षीस मिळतं. त्या बक्षिसातून माझी फी भरली गेली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पदवीवर नाव माझं आहे, पण पळाला तो.

दोन वर्षांचा असताना तो तबेल्यात आला, तेव्हा जो जवळ जाईल त्याला चावायचा. बाबांनी त्याला मारलं नाही. ते रोज त्याच्या दाराशी बसून भाकरी खायचे. काही दिवसांनी तोच मान बाहेर काढून भाकरीचा तुकडा मागायला लागला. पहिल्या शर्यतीत घोडे सोडायच्या फाटकाचं दार उघडलं तरी हा उभाच राहिला, लोक हसले. दुसरीत मात्र सगळ्यांच्या मागून आला, वळणावर बाहेरची बाजू धरली आणि एकेकाला मागं टाकत गेला. पुढं तीच त्याची रीत झाली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो शेवटपर्यंत दम राखायचा. एका हंगामात तर तो हरलाच नाही. तो फोटो त्याच हंगामातला.

मग पायाची शीर दुखावली आणि पळणं संपलं. मालकांनी त्याला पैदाशीसाठी आपल्या स्टडफार्मवर पाठवलं. बाबाही त्याच्याबरोबर गेले. त्याची शिंगरं उशिरा तयार होणारी निघाली. बाजार लवकर पळणाऱ्यांचा होता, त्यामुळे त्याच्याकडे येणाऱ्या घोड्या कमी होत गेल्या. पुढं मालक वारले, फार्म विकायला निघालं, आणि त्यांच्या मुलानं बाबांना सांगितलं, "तुम्हीच घेऊन जा याला. तुमच्याशिवाय तो खाणार नाही."

असा एक रेसचा घोडा ट्रकमधून लोहा तालुक्यातल्या आमच्या वस्तीत उतरला. कागदावरचं त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना. सगळे त्याला पाव्हणा म्हणायला लागले.

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाय तर काडीवानी हायत. ह्यो करनार काय हितं?"

"ह्याची औलाद पळंल," बाबा म्हणाले. "तिकडं लोकांनी घाई केली. ह्याचं रगत उशिरा जागं व्हतं. एक शिंगरू हितल्या मातीत पळालेलं बगायचंय मला."

बाबांचं एवढंच मागणं होतं. गुडघे गेले होते, पुण्याला परत जाणं शक्य नव्हतं. आयुष्यभर सांभाळलेल्या घोड्याला लोकांनी निकामी म्हणावं, हे त्यांना सोसत नव्हतं.

पण त्याच्याकडे कुणी घोडी आणेना. कारण होतं त्याच्या डाव्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा. आमच्याकडे घोडा घेताना माणूस आधी दात बघत नाही, भोवरे बघतो. कोणता भोवरा कुठं असला की धन येतं, कुठं असला की मालक जातो, हे सगळं ठरलेलं. डोळ्याखालच्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा दारात आला की घरात रडारड होते, अशी समजूत. लोक पाव्हण्याला बघायला यायचे, वा म्हणायचे, मग तोंडाजवळ वाकायचे आणि मुकाट निघून जायचे.

आमच्या घरात शुभ-अशुभ आजोबांच्या काळातच सुटलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा गंडे-दोरे सगळे त्यांनी नदीत सोडले होते. बाबा हसून म्हणायचे, "पुण्यात डॉक्टर कागदावर ह्योच भोवरा काढायचे. घोडा बदलला तर नाही, हे त्याच्यावरनंच कळायचं. तिथं ओळख, हितं खोड." पण आमच्या न मानण्यानं काय होणार? घोड्या मानणाऱ्यांच्या दावणीला होत्या.

दोन वर्षं अशीच गेली. मग बाबांनी त्याला माळेगावच्या जत्रेत न्यायचं ठरवलं. तिथं लांबलांबून घोडेवाले येतात, एखादा तरी तयार होईल. आणि जत्रेच्या आदल्या दिवशी माझ्या काकांनी आपल्या भावासाठी एक उपकार केला. वस्तरा घेऊन त्यांनी तो भोवरा साफ तासून टाकला.

सकाळी बाबांनी पाहिलं तर डोळ्याखाली रुपयाएवढं टक्कल.

"आरं, हे काय करून ठेवलंस?"

"भोवरा गेला, दादा! आता कोन काय म्हनतंय बगू."

आता लोक काय म्हणतात, ते जत्रेत कळलं. एकानं ते टक्कल पाहिलं, त्यानं दुसऱ्याला बोलावलं. भोवरा एकच होता, तोवर एकाच भोवऱ्याची भीती होती. आता तिथं काय लपवलंय याचा ज्यानं त्यानं आपल्या परीनं अंदाज बांधला. कुणी म्हणालं, जोडभोवरा असणार. कुणी म्हणालं, डागलेला आहे. एक फेटेवाला म्हातारा पाव्हण्याची शेपूट उचलून बघायला लागला.

"मामा, तिकडं काय शोधता?" मी न राहवून विचारलं.

"एक लपिवलं म्हंजी चार लपिवली आसतील, बाई."

लोक खो खो हसले. काका खाली मान घालून उभे. बाबांनी पाव्हण्याला पुढं ओढलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ऐका! हितं आसूढाळ हाय. एकच हाय. माझ्या भावानं येडेपणानं काढला, म्हयन्याभरात परत येतोय. ह्याच भोवऱ्यासकट ह्यानं पुण्यात सगळ्यांना मागं टाकलंय. ज्याला पटंल त्यानं घोडी आना. न्हाई तर न्हाई."

गर्दी पांगली. एक माणूस मात्र उभा राहिला. उदगीरकडचा शेतकरी, बोलण्यात कानडी हेल. त्यानं तंबाखू चोळत विचारलं, "खोड हाय म्हनून सोताच सांगनारा पहिलाच बगितला. भाऊ, माझी पन एक घोडी हाय. जबर पळते. पन तिच्याबी डोळ्याखाली ह्योच भोवरा. तीन जत्रा झाल्या, कुनी घेईना."

"मंग?" बाबा म्हणाले.

"मंग काय? दोगंबी बदनाम. जुळतंय की!"

असं ते जुळलं. घोडी आमच्या दारात आली, आणि पुढच्या हिवाळ्यात उदगीरकडून फोन आला. शिंगरी झाली होती. आईसारखी करडी, बापासारखे लांब पाय. पलीकडून आवाज येत होता, "व्याही, भोवरा बी आलाय बरं का! डाव्या डोळ्याखालीच!" त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांना व्याहीच म्हणतात. आधी गंमत म्हणून म्हणत, आता सवयीनं. व्याह्यांची बायको आमच्या आईला दिवाळीला साडी पाठवते, आईकडून तिला ज्वारीच्या पापड्या जातात.

बाबांनी एकच अट घातली होती. "घाई करू नका. चार वर्षांची व्हऊ द्या." व्याह्यांनी शब्द पाळला. लोक चिडवत राहिले, तरी त्यांनी तिला शर्यतीत उतरवलं नाही.

मग उदगीरकडच्या एका गावच्या जत्रेत ती उतरली. मी लातूरहून एसटीनं गेले होते, शिकवते त्या शाळेतून रजा काढून. नांगरलेल्या रानाच्या कडेनं वळत जाणारी मोकळी पट्टी, शेवटाला चुन्याची रेषा. व्याह्यांचा पुतण्या तिच्यावर बसला. घोडे सुटले आणि करडी सगळ्यांच्या मागं राहिली.

"आसूढाळ रडवतेय बगा मालकाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबांनी माझं मनगट धरलं. "थांब," ते म्हणाले, "वळन येऊ दे."

वळण आलं. करडीनं बाहेरची बाजू धरली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुतण्यानं तर लगामही हलवला नाही. ती नुसती लांब होत गेली, आणि एकेक घोडा तिच्या मागं सुटत गेला. रेषा ओलांडली तेव्हा तिच्या पुढं कुणीच नव्हतं. मी ओरडत होते. बाबा ओरडत नव्हते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "त्योच. त्योच हाय ह्यो."

हलगी वाजायला लागली. गुलाल उडाला. गावातल्या कुणीतरी फोटो काढायला मोबाइल धरला, तेव्हा बाबा सवयीनं लगाम धरून कडेला सरकले. व्याह्यांनी त्यांना दंडाला धरून ओढलं. "व्याही, तिकडं कुटं? मधी या. पोरगी तुमची हाय."

तो फोटो आता जुन्या फोटोशेजारी लावला आहे. त्यात बाबा पूर्ण आहेत, अगदी मधोमध. फक्त डोळे मिटलेले आलेत.

पाव्हणा आता म्हातारा झालाय, पण खातोपितो चांगला. त्याचा भोवरा केव्हाच परत उगवलाय. या हिवाळ्यात आमच्या दारात घोड्यांची रांग लागली होती. त्यात माळेगावचा तो फेटेवाला म्हाताराही आपली घोडी घेऊन आला होता. पाव्हण्याच्या तोंडाजवळ वाकून त्यानं डोळ्याखाली बोट टेकवलं आणि हळूच विचारलं, "शिंगराला ह्यो भोवरा येईल न्हवं?"

"ते काय सांगता येत न्हाई, मामा," बाबा म्हणाले. "नशीब पायजे त्याला."