पुंजारामभाऊजींचे चतुर

माझे दीर पुंजाराम. माणूस सोन्यासारखा, पण कामाच्या वेळी हाताशी सापडन तर शपथ. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली अन् आमच्या काळ्या मातीतल्या कापसाले सोन्याचा भाव आला. दर्यापुराकडचं आमचं सारं गाव कापसाच्या पऱ्हाटीच्या मागं लागलं. तुरीची जागा पऱ्हाटीनं खाल्ली, लोक अंगणातही पऱ्हाटी लावून राहिले. अन् आमचे भाऊजी? ते नाल्याच्या डोहावर बसून पाण्यावर भिरभिरणारे चतुर मोजून राहिले.

कोणी सांगतलं नव्हतं, कोणाचं काही अडलं नव्हतं. श्रावण सरला की रोज ऊन कललं का ते डोहावर. सोबतीले म्हातारे भगवंतराव. भाऊजींनी चतुर दाखवायचा, भगवंतरावांनी मोजणीचा एक खडा बाजूले टाकायचा. मधातच म्हाताऱ्याले डुलकी लागे, मग भाऊजी पहिल्यापासून मोजत. पंख पसरून बसते तो चतुर, पंख मिटून बसते ती सुई, हे त्यांनी मलेही शिकवलं होतं. "चतुर खाली उतरून पऱ्हाटीवर दाटले ना वयनी, की पाणी येते," असं ते म्हणत.

मागल्या साली त्यांनी अशीच गावभर हाकाटी केली. लोकांनी खळ्यावरचे उडीद-मूग धावतपळत घरात नेले. एक थेंब पडला नाही. तेव्हापासून गावानं त्यांले 'चतुरपाटील' करून टाकलं. मीही काही कमी नाही. जेवाले वाढताना रोज विचारत होती, "काय पाटील, आज वरण पातळ झालं, पाऊस येईन का?" ते बिचारे हसत अन् मुकाट जेवत.

यंदा दसरा झाला अन् आमचं शेत पांढरंफेक फुटलं. फुटल्या कापसावर पाणी पडलं की तो बोंडातच काळा पडते, सालाची मेहनत मातीत. पण सीतादही केल्याबिगर आमच्यात कोणी बोंडाले हात लावत नाही. शेतात दहीभात ठेवायचा, सीतामाईले हात जोडायचे, मग वेचणी. तो दिवस शुक्रवार ठरला होता.

गुरुवारी सकाळी मी भाकर घेऊन शेतात गेली. भाऊजी बांधावर बसले होते, डोहाकडे पाठ करून. घडीघडी मान वळवत, पऱ्हाटीवर पाहत, पुन्हा खाली घालत. भाकरीले हात लावला नाही.

"काय म्हणतात चतुर?" मी विचारलं.

"मी नाही पाह्यत आता," ते म्हणाले.

या माणसाचं तोंड मीच बंद केलं होतं. मी तशीच घरी आली. विरजण अजून लागलंच नव्हतं, दूधच म्हणा ना. तेच भातावर ओतलं अन् शेजारच्या बाया गोळा केल्या. आमचे घरधनी तणतणले, "उद्या ठरलं होतं ना? चतुरपाटलानं सांगतलं काय?"

"मी सांगून राहिली," मी म्हटलं. "सीतामाईले दही मागाहून देऊ."

दिवस बुडेपर्यंत फुटला तेवढा कापूस घरात आला. सगळ्यात पुढची ओळ भाऊजी वेचत होते.

पहाटे पाणी कोसळलं. गावाचा कापूस बोंडात भिजला, आमचा कोरडा राहिला. भाऊजी चुलीपाशी येऊन बसले.

"वयनी, काल चतुर तुमीच मोजले का?"

"मले कुठं समजतात तुमचे चतुर? मी तुमचं तोंड पाह्यलं."

संध्याकाळी उघाड पडल्यावर भाऊजी डोहाकडे निघाले. त्यांच्यामागं मीही गेली. भगवंतरावाले डुलकी लागली तर खडे टाकाले कोणी जागं पाहिजे ना.