सत्तेचाळीस मिनिटांचं ‘येतो’

चला, निघतो आता. नको, वहिनी, चहा खरंच नको. मेधा खाली गाडीत जाऊन बसलीसुद्धा. पण तुम्ही त्या कोर्टाचं विचारलंत ना, म्हणून उभ्या उभ्याच सांगतो. काय सांगू तुम्हाला, हातात आलेली केस दारात हरणारा माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल! पाहून घ्या. तुमच्याच दारात उभा आहे, एका पायात बूट घालून.

तर झालं असं, की आम्ही पडदे घ्यायला गेलो होतो. इथलंच, स्लाऊमधलं रिटेल पार्क. पार्किंग फुकट, पण दोनच तास. ही एवढी मोठी पाटी होती. मी वाचली होती हो! पुण्यात वाढलोय मी, पाटी वाचल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही माझं.

पडदे झाले, फ्रोझन मटाराच्या दोन पिशव्या झाल्या. दोन तास व्हायला अजून सात मिनिटं होती. मेधा बाजूच्या सीटवर बसली, मटार मांडीवर घेतले, पट्टा लावला. मी खिशातून किल्ली काढली.

आणि पाठीत दणकन थाप बसली.

“काय बे शहाण्या!”

शहाणे हे माझं आडनाव. नुसतं आडनावच, असं मेधा म्हणते. थाप मारणारा देशकर, मूळचा नागपूरचा. पुण्याच्या कंपनीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. सहा वर्षांनी भेटला, तोही इंग्लंडात, या स्लाऊमध्ये, ट्रॉली ढकलत! आता अशा वेळी माणूस हाय-बाय करून गाडीत बसतो का? तुम्ही बसाल?

पाच मिनिटं बोललो. मग शहाण्यासारखं म्हणालो, “बरं, येतो मग.”

“हो, ये. अन् तो पाटील कुठं असतो बे आजकाल?”

पाटील मँचेस्टरला. मग पाटलाची नोकरी, पाटलाचं लग्न, पाटलानं माझा प्रेशर कुकर नेला होता तो.

“चल, येतो.”

“ये, ये. तुझ्या व्हिसाचं झालं का पण?”

व्हिसा म्हणजे दहा मिनिटं कुठे गेली नाहीत. मेधानं काच खाली केली. “अरे, मटार!”

“आलोच!” मी म्हणालो. एकूण नऊ वेळा निरोप घेतला मी देशकरचा. मेधानं मोजलेत. घरी पोचेपर्यंत तिच्या मांडीवर पाण्याचं तळं झालं होतं आणि आम्ही सलग तीन दिवस मटार उसळ खाल्ली.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत शिरताना आणि बाहेर पडताना कॅमेऱ्यानं आमच्या नंबरप्लेटचे फोटो काढले होते. सत्तेचाळीस मिनिटं जास्त. पैसे भरा.

“भरून टाक,” मेधा म्हणाली.

“मुळीच नाही! तत्त्वाचा प्रश्न आहे. सत्तेचाळीस मिनिटं मी पार्किंग केलंच नव्हतं. मी निघत होतो!”

हसताय काय? निघणं वेगळं आणि जाणं वेगळं. आपल्याला कळतं ते, कॅमेऱ्याला कसं कळणार?

देशकरला फोन लावला. शेवटी पाप त्याचंही होतंच. तो म्हणाला, “उत्तरच देऊ नको बे. खाजगी कंपनी आहे, पोलीस थोडीच आहे! इंटरनेटवर सगळे हेच सांगून राहिले.” मी उत्तर दिलं नाही. दुसरं पाकीट लाल अक्षरांचं आलं, तिसरं वसुलीवाल्यांचं आलं. चौथं आलं ते थेट कोर्टाचं.

ते मी मेधासमोर धरलं. मेधानं शांतपणे ते वाचलं आणि म्हणाली, “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणजे तुला काही हरकत नाही.”

बघा! स्वतःची बायको!

मग मीही इरेला पेटलो. म्हटलं, जिंकून दाखवतो. तर ती म्हणाली, “ठीक आहे. पण हरलास तर गाडीची किल्ली कायमची माझ्याकडे. कुणाकडेही गेलो की निघताना तुला दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला मी गाडी काढणार, तू बसनं यायचं.” मी म्हटलं, मंजूर. जिंकणारच होतो ना!

कारण देशकरनं तोवर इंटरनेट पालथं घातलं होतं. “टेन्शन नको घेऊ. गाडी तुझी आहे, हे त्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी चालवत कोण होतं, तू का वहिनी? फोटोत तर फक्त नंबरप्लेट आहे. पैसे द्यायचे ते चालवणाऱ्यानं, अन् तो कोण होता हे त्यांनी सिद्ध करायचं. तू फक्त एक काम कर.”

“कोणतं?”

“तोंड बंद ठेव.”

ऐकायला किती सोपं वाटतं नाही?

कोर्टात मला वाटलं होतं, पांढरे टोप, काळे झगे, हातोडा. कसलं काय! साधी खोली, लांबलचक टेबल, सोसायटीच्या मीटिंगला असतं तसं. जज एक बाई होत्या. अंगात स्वेटर, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, अगदी आमच्या शाळेच्या मोठ्या बाई. समोर कंपनीचा वकील, जाडजूड फाईल घेऊन.

बाईंनी त्याला विचारलं, “त्या दिवशी गाडी मिस्टर शहाणेच चालवत होते, याला पुरावा काय?”

त्यानं पुष्कळ पानं उलटली. “नंबरप्लेट आहे, मॅडम.”

“नंबरप्लेट गाडी चालवत नाही,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “मिस्टर शहाणे, तुम्हाला काही सांगायचंय?”

मला? सांगायचंय? देशकर, पाटील, प्रेशर कुकर, सगळे जिभेवर येऊन उभे राहिले होते! पण दातांवर दात दाबले आणि म्हणालो, “नो, मॅडम.” जन्मात पहिल्यांदा.

“मग दावा फेटाळण्याकडे माझा कल आहे. निकाल लिहिते आणि पाच मिनिटांत बोलावते. दोघं बाहेर थांबा.”

जिंकलो हो! वकील उठला, दार उघडून धरून उभा राहिला. मीही उठलो, दारापर्यंत गेलो. आता मला सांगा, त्या बाई आपल्या बाजूनं इतकं बोलल्या आणि आपण तसंच पाठ फिरवून चालू पडायचं? काही रीतभात? मी वळलो आणि हात जोडून म्हणालो, “आय कम, मॅडम.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “यू कम? मी तर तुम्हाला बाहेर जायला सांगितलं.”

उगीच गैरसमज नको म्हणून मी खुलासा केला. “आमच्या भाषेत ‘जातो’ म्हणत नाहीत, मॅडम. अशुभ असतं. जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो.”

“हाऊ चार्मिंग!” बाईंनी पेन खाली ठेवलं.

तिथे घात झाला. इंग्रज जज पेन खाली ठेवून मराठी ऐकतेय! माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

“आणि एकदा म्हणून भागत नाही, मॅडम. त्या दिवशीचंच घ्या ना. मित्र भेटला, त्याला मी नऊ वेळा ‘येतो’ म्हणालो. बायको आपली बाजूच्या सीटवर मटार घेऊन बसलेली, आणि मी हातात किल्ली घेऊन…”

“हातात काय घेऊन?”

“किल्ली, मॅडम. गाडीची.”

वकिलानं दार हळूच लावून घेतलं. आतून.

“मिस्टर शहाणे, बसा.”

“नाही, मॅडम, बसत नाही. निघालोच आहे.”

“बसा,” बाई म्हणाल्या. आणि पेन उचललं.

सगळे पैसे भरले. वर कोर्टाचा खर्च. बाहेर मेधा उभी होती. “काय झालं?”

“जिंकलो होतो.”

“होतो?” तिनं एवढंच विचारलं आणि हात पुढे केला. मी मुकाट्यानं किल्ली ठेवली त्या हातावर. पायरी चढलो त्याचं मला काही वाईट वाटत नाही हो, पण उतरताना तरी गप्प राहायला काय झालं होतं मला?

असो. चला, येतो मग. हा दुसरा बूट कुठे गेला? हो, हॉर्न ऐकला मी, मेधाच आहे. आलो गं, आलोच! अरे, पण तुम्हाला सांगायचंच राहिलं, त्या पाटलानं माझा कुकर परत केला म्हणे… केला म्हणजे, शिट्टी नाहीये त्याची. तर तो देशकरला म्हणाला…

हॉर्न थांबला का हो? जरा खिडकीतून बघता? लाल गाडी, दारासमोरच होती.

नाहीये?

मग असं करा, वहिनी, तो मघाचा चहा टाकाच. रविवारची बस तासाला एकच असते.