फौजीकडचं शिवणमशीन

युद्ध संपलं, फौजी सुट्टीवर येऊ लागले आणि सांगलीच्या दुकानांत न मिळणाऱ्या किंवा न परवडणाऱ्या वस्तू त्यांच्या ट्रंकांतून बाहेर पडू लागल्या. मी तासगावकडच्या एका फौजीकडून हाताचं शिवणमशीन घेतलं. दुकानापेक्षा बरंच स्वस्त. छाप दुकानातल्या मशीनचाच, पण बाजूची अक्षरं कुणालाच वाचता येईनात.

"चोरीचं नाही ना?" मी सरळच विचारलं.

"आवं वैनी, खंडोबाची आन! इटलीत रोख मोजून घेतलंय. लय झ्याक चालतंय."

"पावती?"

"पल्टनीत पावती कोन देतंय?"

या उत्तरानं माझं समाधान झालं नाही, तरी घेतलं. नवरा गेल्यापासून घर शिवणावर चालत होतं आणि जुनं मशीन निकामी झालं होतं.

दिवाळी दहा दिवसांवर असताना ते अडलं. चाक जड, खालचा दोरा गुंतायचा. पंधरा पोलकी कापून पडलेली. वेळेवर दिली नाहीत तर बायका दुसरीकडे जाणार, त्या कायमच्याच. पहिला संशय अर्थात फौजीवर. पण तो पल्टनीत परत गेलेला. मग त्याच छापाची मशीनं विकणाऱ्या दुकानदाराकडे टांग्यातून गेले. त्यानं मशीनवरचा नंबर पाहिला, आपली वही चाळली.

"हे आमच्या हातून गेलेलं नाही, बाई. आम्ही हात लावणार नाही. आतला माल नकली असणार. ठेवून जा, मोडीच्या भावानं घेतो."

"नकली आहे तर तुम्हाला कशाला हवं?"

"तुमची अडचण बघून म्हणालो."

माझी अडचण बघून कुणी काही घेतो म्हणालं, की मी उठते. उठले.

घरी येऊन पेचकसानं खालची पट्टी काढली. बॉबिनच्या खोबणीत लाल-पिवळा लगदा घट्ट बसला होता. खंडेनवमीला मीच मशीनला सढळ हातानं तेल दिलं होतं आणि वरून मूठभर हळदकुंकू वाहिलं होतं. फौजीला उगाच शिव्या घातल्या. रॉकेलनं सगळं धुतलं, चाक फिरलं.

पोलकी वसुबारसेला पोचती झाली, पण शेवटच्या पोलक्याला सुई मोडली. त्या मशीनला बाजारातली साधी सुई बसेना आणि बसणारी होती ती फक्त त्याच दुकानदाराकडे.

"सुया फक्त आमच्या गिऱ्हाइकांना," तो म्हणाला.

मशीनबरोबर आलेल्या सुयांपैकी माझ्याकडे एकच उरली होती. मग आळीत कुणी फौजी सुट्टीवर आला, की ख्यालीखुशालीच्या आधी मी सुयांचं विचारी. आणल्या असल्या, तर एकेक उजेडात धरून बघी, मगच घेई.