काच फुटली, असं सांगितलं

कुडाळच्या बाजारात मी टेम्पोवर स्पीकर बांधत होतो, तेव्हा बहिणीचा फोन आला. "दादा, हे गेले. पंपार बसल्याजागी." एवढंच. मी फोन खिशात टाकला, हातातली गाठ पुरी केली, वर आणखी एक मारली. मग रस्त्याच्या कडेलाच बसलो. विसू माझ्या बहिणीचा, सुनंदाचा नवरा. पण त्याच्याही आधीपासून माझा मित्र. मालवणजवळच्या आपल्या घरात बसून तो व्हॉल्व्ह बनवायचा... जुन्या रेडिओत पेटलेली दिसायची ना, ती काचेची नळी. मी पोचलो तेव्हा त्याला ओटीवर ठेवलं होतं. हवा ओढायच्या पंपावर चढवलेली नळी तो कोसळताना फुटली होती आणि कपाळात, ओठात काच घुसली होती. सुनंदा चिमट्याने एकेक कण काढत होती. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हती.

त्यानंतर पुण्याहून, बंगळुरूहून व्हॉल्व्ह मागवणाऱ्यांचे कितीतरी संदेश आले. कोणी त्याला तपस्वी म्हटलं, कोणी ऋषी. ऋषीबिषी कोणी नव्हता तो. भडक डोक्याचा माणूस, तोंडाआधी हात चालायचा. मुंबईत प्रयोगशाळेची काचेची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. तिथे मुकादमाचा जबडा मोडला आणि गावी परतला. येताना काच फिरवायचं एक भंगारातलं यंत्र तेवढं घेऊन आला. मला तो आवडायचा. आजही आवडतो, आणि हे लिहिताना माझाच मला राग येतो.

माझा धंदा माइकसेटचा. जत्रा, दशावतार, डबलबारी भजनांचे सामने. वडिलांच्या वेळचा एक व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर माझ्याकडे होता आणि आमच्याकडचे एक भजनी बुवा त्याच्याशिवाय गायला बसत नसत. नव्या मशीनवर आपला आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्याचे व्हॉल्व्ह गेले आणि कुठेच मिळेनात. "मी करतंय," विसू म्हणाला. मी हसलो, तर आठ दिवस बोलला नाही.

त्याला तीन वर्षं लागली. नळीतली सगळी हवा ओढून काढली की बाहेरची हवा काचेवर चहूबाजूंनी दाबत राहते. काचेत केसभर खोट असली तरी ती आतल्या आत चेचली जाते आणि तुकडे गोळीसारखे उडतात. त्याच्या छातीवर, दंडावर, मानेवर पांढरे वण होते. एकदा विजेने त्याला असा फेकला, की मागच्या भिंतीचा गिलावा उडाला. तो उठला आणि त्याच हाताने पुन्हा तार धरली. जो व्हॉल्व्ह फसेल तो अंगणात नेऊन चिऱ्यावर ठेवायचा आणि हातोड्याने पीठ होईपर्यंत ठेचायचा. शिव्या देत ठेचायचा. घरचं कुत्रं त्याच काळात निघून गेलं ते परत आलं नाही.

आणि मग एका जत्रेत त्याने केलेल्या दोन व्हॉल्व्हवर बुवा गायले. पहिला आलाप निघाला तसा विसू स्पीकरमागे जाऊन उभा राहिला. तो रडत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर मलाच मारलं असतं.

पुढे परदेशातूनसुद्धा लोक मागवायला लागले. अशीच एक मोठी मागणी होती त्या वर्षी चतुर्थी आली. आपल्याकडे चतुर्थीआधी घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी आमसुलं आणि मीठ लावून घासतात. सुनंदाने समया घासल्या, ताम्हण घासलं, आणि मग विसूच्या खोलीत कागदावर मांडून ठेवलेल्या, व्हॉल्व्हच्या आत बसवायच्या निकेलच्या बारीक पट्ट्या तिला मळकट वाटल्या. त्या तिने तितक्याच मायेने घासल्या. व्हॉल्व्हच्या आत नुसत्या बोटाच्या घामाचं मीठ गेलं तरी तो मरतो. विसूने सहा नळ्या बंद केल्या, सहाही अर्ध्या तासात निळ्या पडून मेल्या. तो डोकं धरून बसला होता, तेव्हा चहा घेऊन आलेल्या तिनेच कौतुकाने विचारलं, "पट्ट्यो चकचकीत झाल्यो मा?"

मी गणपतीच्या पाया पडायला गेलो, तर तिचा डावा गाल कानापर्यंत सुजून काळा पडलेला. मी विसूला मागच्या अंगणात नेलं. हातात टेम्पोतली केबल होती. केबलनेच मारलं, मग मुठीने मारलं, खाली पडला तेव्हा लाथेने मारलं. त्याचे पुढचे दोन दात पडले. त्याने हात उचलला नाही, तोंडही झाकलं नाही. मला थांबावंसं वाटत नव्हतं, आणि हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. शेजारची मंडळी आरत्या म्हणायला आली म्हणून थांबलो. मग आम्ही दोघेही आत जाऊन गणपतीपुढे उभे राहिलो. तो टाळ वाजवत होता आणि हनुवटीवरून रक्त सदऱ्यावर पडत होतं. काय झालं, म्हणून कोणीतरी विचारलं. काच फुटली, असं त्याने सांगितलं. सुनंदानेही गालावर पदर धरून तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं.

त्यानंतर त्याने तिच्यावर कधी हात टाकला नाही. उलट तिला शेजारी बसवून काम शिकवलं. व्हॉल्व्हच्या आतली केसासारखी तार गुंडाळण्यात ती त्याच्यापेक्षा तरबेज झाली. दोन महिन्यांत आमचंही बोलणं सुरू झालं, पुन्हा सुरमई खायला बसलो. मी मनात म्हणायचो, माझ्या हाताचा गुण! हिशेब चुकता झाला, असं मी धरून चाललो. अकरा वर्षं.

तेराव्यानंतर मी गेलो तेव्हा सुनंदा त्याच्या खोलीत होती. अर्धवट राहिलेली व्हॉल्व्हची एक जोडी तिने पुरी केली होती आणि ऐकून पाहत होती. समोर दोन स्पीकर, मध्ये एक खुर्ची. ती खुर्ची तिरकी होती. मला आठवलं, विसू सुनंदावर यासाठी नेहमी करवादायचा, दोन्ही बाजू सारख्या ऐकायच्या तर खुर्ची सरळ नको का, म्हणून, आणि स्वतः सरळ करायचा. मी सवयीने ती सरळ केली. सुनंदाने परत तिरकी केली आणि उजवा कान पुढे करून बसली.

मी विचारलं. डाव्याने काहीच ऐकू येत नाही, ती म्हणाली. कधीपासून, म्हटलं.

"त्या चवथीपासून."

दात पाडून मोकळा झालेला मी... तिच्या कानाचं एकदाही विचारलं नव्हतं.

"विसूक म्हायती होता?"

तिने मान हलवली. नाही.

"सांगलंस कित्याक नाय?"

तिने आवाज कमी केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगलंय असतंय तर ते पायार पडान रडले असते. मगे माका माफ करूचा लागला असता. माका करूचा नाय होता."

मग तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, एक स्पीकर ऐकला, आणि दुसरा ऐकायला खुर्ची फिरवून घेतली.