मायचे हात आणि माझं मलम

बाळंतपणासाठी मी सौंदडजवळच्या माहेरी आले, ते ऐन पूस महिन्यात. लेक झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर मायने तिला मांडीवर घेतलं, तेल चोळायला हात फिरवला, आणि पोरीने असा टाहो फोडला की शेजारची काकू हातातलं काम टाकून धावत आली. त्या दिवसापासून माय पोरीपासून चार हात लांब. चोळायला काकू. मी "धर जरा हिला" म्हटलं की मायला भांडी आठवायची, नाहीतर चुलीतलं लाकूड.

माझा स्वभाव तापट. हे मी नाही म्हणत, सगळं गाव म्हणतं. आठ दिवस गिळलं आणि नवव्या दिवशी फाडकन बोलले, "पोरगी झाली म्हणून हात लावून नाई राहिली ना तू? पोरगा असता तं खाली ठेवला असता का?"

माय बोलायला कमी पडणारी बाई नाही. तिच्या तोंडाला लागायला गावातले पुढारीसुद्धा कचरतात. पण तेव्हा ती माझ्यासमोर बसली आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले.

"पाह्य. हे हात लावू लेकराले? पाठीवर ओरखडा उठला होता तिच्या. तुले नाई दिसला, मले दिसला."

तीस वर्षं बिड्या वळलेले हात होते ते. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा. दिवसभर हात भिजणार आणि सुकणार, भिजणार आणि सुकणार. वर भांडी राखेने, आंघोळ कढत पाण्याने. पेरांवर चिरा पडलेल्या, तळव्याचं कातडं किसणीसारखं. माझ्यासाठी तिने बिड्या वळायचं सूप महिनाभरासाठी बाजूला ठेवलं होतं, पण हात काही बाजूला ठेवता येत नाहीत. मला इतकी लाज वाटली की मी पोरीवरच खेकसले, "रडू नको गं!" ती बिचारी गाढ झोपली होती.

सव्वा महिना झाला की मला गोंदियाला परतायचं होतं. त्याच्या आत मायने पोरीला उघड्या हाताने घेतलंच पाहिजे, असं मी ठरवलं. आणि या कामाला माझ्याइतकं लायक कोण? गोंदियाच्या एका मेडिकल दुकानात सहा वर्षं काउंटरवर काढलेली बाई मी! शेकडो बायकांना क्रीम विकलं. माझ्या बॅगेत गुलाबाच्या वासाचं, पातळसं लोशन होतं. मायच्या हातावर भसकन ओतलं.

"माय वं! आग लागली, आग!" माय अंगणभर नाचली. "लेक आहेस का वैरीण?"

शेवटी नाक मुठीत धरून दुकानाच्या सेठला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. "छह साल से बेच रही हो, एक बार डिब्बा तो पढ़ लेती!" मग त्याने समजावून सांगितलं. कातडीत स्वतःचं तेल असतं, ते आतलं पाणी धरून ठेवतं. राख, सोडा, गरम पाणी ते तेल काढून नेतात, मग पाणी उडतं आणि चिरा पडतात. चिरलेल्या हाताला वासाचं काही लावायचं नाही, झोंबतं. पातळ लोशन असल्या हाताला पुरत नाही. कोमट पाण्याने हात धुवायचे, नुसते टिपायचे आणि ओलसर असतानाच बिनवासाची घट्ट जेली लावायची, म्हणजे पाणी आत राहतं. कोरड्याठक्क हातावर लावलं तर आत धरून ठेवायला पाणी असतंच कुठे? चिरा भरल्या की मग युरियाचं क्रीम. ते पाणी ओढून धरतं आणि जाड कातडं मऊ करतं.

मी मायला सांगितलं. तिने मान डोलावली. "म्हंजे बांधीत पाणी असताच फुटका धुरा बांधाचा. सुकल्यावर बांधून काय फायदा?" धानाच्या खाचरात पाणी आहे तोवरच त्याचा फुटका बांध बुजवायचा! मी सहा वर्षांत जे शिकले नाही, ते हिला एका वाक्यात कळलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, माय अंगणात वाटी घेऊन बसलेली. वाटीत पांढरे दाणे, त्यावर पाणी, आणि ती बोटाने ढवळतेय. शेजारी धानाच्या खताचं पोतं, तोंड उघडं.

"काय करून राहिली वं?"

"युरिया. घरी पोतं पडलं आहे, तं विकतचा कायले आणाचा?"

मी वाटी हिसकावली आणि खत परसात भिरकावलं. काकू कुंपणावरून म्हणाली, "बरं झालं, तिथं आता वांगी येतील चांगली!" तिघी इतक्या हसलो की माझे टाके दुखले.

गावातल्या दुकानातून जेली आणवली. चार दिवस नेमाने लावली. फरक शून्य! सेठला शिव्या घालायला फोन उचलला, तेवढ्यात माझं लक्ष गेलं. मी जेली लावून पाठ फिरवली की माय लगेच लुगड्याला हात पुसायची. स्वच्छ, खसाखसा.

"अवं, पुसतेस काऊन?"

ती स्वतःच चपापली. बिडी वळणारीचा हात कोरडा लागतो. बोट तेलकट असलं की पान निसटतं, बिडी सैल होते आणि कारखान्यातला तपासणारा ती बाहेर फेकतो. तीस वर्षांत हाताला काही लागलं की पुसायचं, हे तिच्या अंगात भिनलं होतं. हात आपोआप लुगड्याकडे जायचे.

मग मी थंडीसाठी बॅगेत आणलेले माझ्या नवऱ्याचे जुने सुती मोजे काढले. संध्याकाळी जेवणं आटोपली की जेली, वरून हातात मोजे, सकाळपर्यंत काढायचे नाहीत. काकूने गावभर केलं की हिची माय आता हातावर चालणार! मायने तिला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण मोजे काढले नाहीत. पंधरा दिवसांत चिरा भरल्या. मग सेठने पाठवलेलं युरियाचं क्रीम, तेही ओलसर हातावरच.

माझ्या निघण्याला चार दिवस होते. सकाळी माय हात धुऊन, टिपून, जेली चोळून समोर आली. मला वाटलं, आता पोरीला मागणार. तिने हात माझ्या गालावर ठेवला आणि हळूच फिरवला.

"खरं सांग. टोचते का?"

लहानपणी ती माझी वेणी घालायची, पाठीत रट्टे द्यायची. पण गालावरून हात फिरवलेला मला एकदाही आठवेना. इतकी वर्षं ती माझ्यापासूनही हात राखून होती, आणि मी समजत आले की मायचा स्वभावच कडक.

थोडं टोचत होतं. "नाई टोचत," मी म्हटलं.

तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि उघड्या हाताने पाठ चोळायला लागली. पोरगी कुरकुरली, मग गप्प झाली. मी सरकत सरकत मायजवळ गेले, तिच्याकडे पाठ करून बसले आणि म्हटलं, "तिचं झालं की मलेही चोळ."